गुरुवारी पाणी बंद

पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं
इस्त्रीचं पाणी उडालं असेल.
मग दुसऱ्या बाजूलाही तसाच डाग, रुपयाएवढा,
आणि मी उभी त्याच आरशासमोर
जिथे बायका हात वर करतात
आणि मी टेपने त्यांची छाती मोजते.

दत्तवाडीत दुकान. ब्लाउज, फॉल-पिको, अस्तर.
वय एकोणचाळीस. लग्न नाही.
सात महिने पाळी नव्हती, ती मी सुटी समजत होते.

आईला सांगितलं.
गवार मोडता मोडता म्हणाली, "कुणासाठी गं?"
एकदाच म्हणाली.
मग मोडलेलीच गवार पुन्हा मोडत बसली.

लॅबच्या कागदावर : दुधाणे हेमांगी, प्रोलॅक्टिन १४३.
पंचविसाच्या आत असायला हवं होतं.
आडनाव वाचून काउंटरवरचा पोरगा हसला नाही.
मी हसले.

एमआरआयच्या नळीतले आवाज ओळखीचे निघाले,
बॉबिन अडकल्यावर माझं जुनं मशीन करतं तसे.
मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, सहा मिलिमीटर.
माझ्या हिशेबात प्रेसबटण. तेही लहान नंबरचं.

डॉक्टर खर्शीकरबाईंनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं.
म्हणाल्या, ही ग्रंथी दूध आणायला कायम तयारच असते,
वरून डोपामिन तिला अखंड नको, नको म्हणत असतं
म्हणून बाकीच्या बायका कोरड्या.
तुमची गाठ तेवढ्याने ऐकत नाही.
गोळी तेच जरा मोठ्याने सांगेल.

येताना म्हात्रे पुलावर थांबले.
माझ्या आत कुणीतरी जन्मभर नको म्हणत होतं
आणि इथे बाहेर मी
लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री घैसासबाईंचे तीन,
भावाच्या सासरचे सहा, फुकट,
पाठीला लटकन लावून.

आठवड्यातून दोनदा, अर्धी, रात्री, जेवल्यावर.
पाकिटात गोळ्या चारच; किंमत बघून
मी पुन्हा मोजल्या.
काज कापायच्या कात्रीने अर्ध्या केल्या,
एक तुकडा उडाला तो मशीनच्या पायडलखाली
रांगत जाऊन शोधला.
सोमवार आणि गुरुवार, वार मीच ठरवले.
गुरुवारी तसंही आमच्याकडे पाणी बंद.

पहिल्या रात्री उठले तर खोली तिरकी,
उरेबी कापलेल्या कापडासारखी.
भिंत धरून मोरीपर्यंत. उलटी.
नळाला थेंब नाही. आईने बादलीतून तांब्या भरला,
माझी मान धरली
आणि तेव्हाही काही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी कमी दाबाने.
नळाचं म्हणतेय. माझंही तसंच होत गेलं.

बाईंनी आधीच बजावलं होतं :
खर्च, जुगार, काही अनावर वाटलं तर लपवू नका.
लपवलं नाही. बोहरी आळीतून आणलेली
जांभळ्या दोऱ्याची चाळीस रिळं सांगितली.
"जांभळा आवडतो का?"
आवडतो की. पण इतका कधीपासून,
ते मलाही कळत नाही.
बाईंनी लिहून घेतलं आणि मग त्याही हसल्या.

तीन महिन्यांनी एकतीस.
पाळी आली ती मंगळवारी, ऐन कटिंगमध्ये.
आईने शिरा केला. एकोणचाळिसाव्या वर्षी.

एक राहिलं.
गोळ्यांच्या आधी, श्रावणात,
एक नवी गिऱ्हाईक ट्रायलला आत गेली
आणि तिचं बाळ माझ्या कटिंगच्या टेबलावर रडलं.
तीन महिन्यांचं असेल. भुकेचंच रडणं.
मी त्याला हातही लावला नव्हता.
छातीत कळ आली आणि ब्लाउज भिजला,
त्याच्या एका हाकेवर, माझा, परकीचा.
मी गळ्यात टेप तशीच ठेवून
पडद्याकडे पाठ केली.

परवा ती उसवून घ्यायला आली.
पोरगं आता बसतं. रडलं, तसंच.
मी कात्री खाली ठेवली,
पदराखालून हात घालून पाहिलं.
कोरडं.
बरं झालं, असं म्हणाले बहुतेक.
त्याला एक रिकामं रीळ दिलं खेळायला,
त्याने ते तोंडात घातलं.